क्यूबेक सिटीत जुन्या घराची बाग करताना: पैसा कुठे जातो, हिवाळा काय नेतो

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ वितळला म्हणून मागचं दार उघडलं, तर दार अर्ध्यातच अडकलं. दारासमोरची लादी तीन बोटं वर आली होती. तिच्या शेजारची तेवढीच खाली गेली होती, आणि मधल्या फटीत पाणी साचून त्यावर सकाळचा पातळ बर्फ धरला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी याच अंगणासाठी मी ४,१०० डॉलर आणि वर कर मोजले होते. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, एवढ्यात गावाकडे विहिरीचं बांधकाम झालं असतं."

ती लादी का उचकटली हे समजायला मला वर्ष लागलं. तुम्हाला लागू नये म्हणून हे लिहितोय. पुण्या-मुंबईहून किंवा टोरांटोहून इथे येऊन पहिलंच जुनं घर घेतलं असेल आणि मागे-पुढे थोडी जागा असेल, तर पावडं हातात घेण्याआधी वाचा.

आधी शहराची कल्पना. फ्रेंच दर्यावर्दी शाम्प्लँनं १६०८ साली वसवलेलं, मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं एकमेव शहर. जुना भाग १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वर्षाला सरासरी तीन मीटर बर्फ पडतो. २००७-०८ च्या हिवाळ्यात तो साडेपाच मीटरच्या घरात गेला होता. जमीन दीड मीटर आणि कधी त्याहून खोल गोठते. थंडी आणि वारसा, या दोन गोष्टी इथलं प्रत्येक बिल ठरवतात.

पायरी १: तुमची जमीन नक्की किती, ते बघा

घर घेताना नोटरीकडे एक कागद मिळालेला असतो, सेर्तिफिका द लोकालिझास्यों. आपल्याकडच्या मोजणीच्या नकाशाचा हा भाऊ. तो कपाटातून काढा. घरापुढची हिरवळ थेट फुटपाथपर्यंत तुमचीच वाटते, पण तिचा रस्त्याकडचा पट्टा बहुतेक वेळा पालिकेचा असतो. त्या पट्ट्यात गुलाब लावाल तर हिवाळ्यात फुटपाथ साफ करणारं छोटं यंत्र त्यांच्यावरून जाईल आणि भरपाई मागायला तुमच्याकडे तोंड नसेल. मी तिथे फक्त गवत ठेवलंय. दर वसंतात त्याची कड खरवडलेली असते, दर वसंतात मूठभर बी टाकतो, विषय संपतो.

अंगणात मोठं झाड असेल तर तेही आत्ताच ओळखून घ्या. ते फ्रेन, म्हणजे अ‍ॅश, निघालं तर सावध व्हा. या झाडाला आतून पोखरणारा हिरवा भुंगा २०१७ साली या शहरात सापडला आणि तेव्हापासून अ‍ॅशची झाडं एकामागून एक चालली आहेत. दोन घरांच्या मधल्या चिंचोळ्या परसातलं झाड उतरवायला दोरखंडावर चढणारी माणसं, कधी क्रेन लागते. खर्च हजारांत जातो. झाड पाडायलाही पालिकेचा परवाना लागतो, मग ते तुमच्या जागेत का असेना.

पायरी २: परवानगी, तीही हिवाळ्यातच

तुमचं घर कोणत्या भागात आहे हे पालिकेच्या ३११ या क्रमांकावर फोन करून विचारा. व्हिय-केबेक म्हणजे जुनं शहर, सिलरी, बोपोर आणि शार्ल्सबूर यांचे जुने गाभे हे राज्यानं जाहीर केलेले वारसा परिसर आहेत. तिथे क्यूबेकचा सांस्कृतिक वारसा कायदा लागतो आणि तो बागेलाही सोडत नाही. जागेची मांडणी बदलायची असो किंवा नुसती जमीन खणायची असो, परवानगी आधी. इतकंच काय, घराच्या आत तळघरात खणायचं असलं तरीही. खणताना जुनं काही सापडलं तर लगेच राज्याच्या संस्कृती मंत्रालयाला कळवणं बंधनकारक आहे.

या परिसरांबाहेरही बऱ्याच जुन्या वस्त्यांत शहराचा नागरी रचना आणि जतन आयोग डोकावतो. रस्त्यावरून दिसणारं जे काही असेल, कुंपण, पायऱ्या, पुढची फरसबंदी, त्यावर त्यांची नजर असते. प्लॅस्टिकचं पांढरं कुंपण स्वस्त आहे म्हणून आणून ठेवू नका. लोखंडी किंवा लाकडी कुंपण सुचवतील, ते दुप्पट महाग पडेल, आणि खरं सांगायचं तर रस्ता त्यामुळेच बघण्यासारखा राहिलाय. पुढची हिरवळ काढून गाडी लावायचा विचार असेल तर तोही सहसा सोडून द्यावा लागतो.

अर्ज फेब्रुवारीत टाका. सोबत आत्ताचे फोटो, हातानं काढलेला का होईना पण मापं असलेला आराखडा आणि वापरणार त्या दगडाचा, लाकडाचा नमुना जोडा. मे महिन्यात अर्ज टाकणारा माणूस ऑगस्टमध्येही वाटच बघत बसलेला असतो, हे मी शेजारी पाहिलंय. इथला मोसमच मुळात एप्रिलअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात एवढा. त्यातही जुलैचे शेवटचे दोन आठवडे बांधकाम क्षेत्राची सामूहिक सुट्टी. माल पुरवणारे बंद, फोन बंद, सगळे तळ्याकाठी.

पायरी ३: खाली काय आहे ते उकरून बघा

खणण्याआधी इन्फो-एक्स्कावास्यों या सेवेकडे ऑनलाइन विनंती टाका. गॅस, वीज, टेलिफोनच्या तारा कुठून जातात ते ते फुकट कळवतात, लागलं तर माणूस येऊन जमिनीवर रंगानं खुणा करून जातो. मी आठवडाभर आधी विनंती करतो. तुमच्या घरापासून गॅरेजपर्यंत आधीच्या मालकानं स्वतः ओढलेली वायर मात्र त्यांच्या नकाशात नसते, ती तुम्हीच शोधायची.

मग एक चाचणी खड्डा. दोन फूट खोल, एक फूट रुंद, बस्स. माझं घर सँ-सोव्हरमध्ये आहे, खालच्या शहरातली जुनी कामगार वस्ती. एकोणिसाव्या शतकात या भागानं मोठमोठ्या आगी पाहिल्या. १८६६ च्या आगीत सँ-रोश आणि सँ-सोव्हर दोन्ही होरपळले. माझ्या खड्ड्यात वरची सहा इंच काळी माती गेल्यावर पावडं खर्रकन वाजलं. राखाडी भुगा, कोळशाचे सच्छिद्र खडे, गंजलेले चौकोनी खिळे, निळ्या नक्षीच्या बशीचा अंगठ्याएवढा तुकडा. बशीच्या तुकड्यानं मी हरखलो. जळालेल्या घराचा असावा असं मला मनापासून वाटत होतं, पण बहुधा तो कुणाच्या तरी शेगडीची राख टाकायच्या जागेतला साधा कचरा असेल. खिडकीत ठेवलाय.

राखेचा निचरा चांगला होतो, पण अशा मातीत शिसं असू शकतं. १९६० च्या आधीच्या घरांना शिशाचा रंग सर्रास लागलेला असायचा आणि तो खरवडून भिंतीच्या पायथ्याशीच पडलेला असतो. तेव्हा भिंतीलगत मेथी-कोथिंबीर लावू नका. माती प्रयोगशाळेत तपासून घ्या, किंवा सरळ लाकडी वाफा करून त्यात विकतची माती भरा. वरच्या शहरात दुखणं वेगळं: काप दियामाँच्या खडकावर मातीचा थर काही ठिकाणी इतका पातळ की झाडाचा खड्डा खणायला पहार लागते. आणि आमच्यासारख्या नदीकडच्या सखल भागात खाली चिकणमाती, जी पाणी धरते आणि गोठली की फुगते.

त्या फुगण्यातच माझ्या लादीचं उत्तर होतं.

पायरी ४: कोटेशन वाचायला शिका

इथे कोटेशनला सुमिस्यों म्हणतात आणि बागकाम करणाऱ्या ठेकेदाराला पेइझाझिस्त. सिमेंटच्या लाद्यांची फरसबंदी म्हणजे पावे युनी. जानेवारी-फेब्रुवारीत तीन सुमिस्यों मागवा. एप्रिलमध्ये फोन केलात तर चांगली माणसं सप्टेंबरची तारीख देतात.

माझं अंगण १८० चौरस फूट. मला मिळालेले तीन आकडे: ४,१००, ६,८०० आणि ७,९००. मी अर्थातच पहिला घेतला. त्या कागदावर लिहिलं होतं, "जागेची तयारी, लादी, मजुरी." दुसऱ्या कागदावर अर्धं पान नुसत्या तयारीचं होतं आणि मी ते वाचलंही नव्हतं. त्यात लिहिलेलं असं: बारा इंच खणणे, माती बाहेर नेणे, तळाला जिओटेक्स्टाइलचं (माती-खडी मिसळू न देणारं) कापड, त्यावर शून्य ते पाऊण इंची खडी चार-चार इंचांच्या थरांत आणि प्रत्येक थर यंत्रानं दाबणे, वर एक इंच बारीक कच, मग लादी, सांध्यांत पॉलिमर वाळू (पाणी लागलं की घट्ट बसणारी), कडेला पट्टी, घरापासून दूर जाणारा उतार.

माझ्या ठेकेदारानं चार इंच खणून वाळू पसरली होती आणि वर लादी मांडली होती. पुण्यात हे चाललं असतं, इथे चालत नाही. वाळूखालच्या चिकणमातीत पाणी साचतं, डिसेंबरात त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, लादीला उचलतो. मार्चमध्ये दिवसा वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं, असं आठवडेच्या आठवडे. खडीचा जाड थर असला की पाणी निसटून जातं आणि फुगायला काही उरतच नाही. दिसते ती लादी; पैसे द्यायचे ते न दिसणाऱ्या खडीचे.

दुरुस्तीत जुनीच लादी वापरली तरी ५,२०० गेले. म्हणजे कर सोडून ९,३००, सर्वांत महागड्या कोटेशनपेक्षाही जास्त.

आकडा वाचताना आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, कर. लिहिलेल्या किमतीवर केंद्राचा ५ टक्के आणि राज्याचा ९.९७५ टक्के, म्हणजे एकूण १४.९७५ टक्के वर चढतात. ६,८०० चे ७,८१८ होतात. बिलाशिवाय रोखीत करतो, कर वाचेल, असं कुणी हळूच म्हणेल. लादी उचकटल्यावर त्याच्या दारात घेऊन जायला तुमच्या हातात कागद लागतो, एवढं लक्षात ठेवा. परवाना लागणाऱ्या कामाला आरबीक्यू, म्हणजे राज्याच्या बांधकाम मंडळाचा परवाना क्रमांक विचारा आणि मंडळाच्या यादीत तो स्वतः शोधा.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट. जुन्या वस्तीत परसात जायला घराखालचा बोळ असतो, जेमतेम तीन फूट रुंद. त्यातून छोटं खोदयंत्र जात नाही. १८० चौरस फुटांची बारा इंच माती म्हणजे सुमारे सात घनयार्ड, उकरल्यावर फुगून नऊ. ती सगळी हातगाडीनं बाहेर, आणि तेवढीच खडी हातगाडीनं आत. उपनगरात राहणाऱ्या मित्राचा दर ऐकून भांडायला जाऊ नका. त्याच्याकडे ट्रक थेट अंगणात येतो. कोटेशन देणाऱ्याला बोळाची रुंदी फोनवरच सांगा, नाहीतर तो काम सुरू झाल्यावर सांगेल, आणि त्याची किंमत वेगळी असेल.

लाकडी डेक हवा असेल तर पाया गोठण-रेषेच्या, म्हणजे जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली गेला पाहिजे. इथे त्यासाठी जमिनीत पिळून घुसवायचे लोखंडी खांब वापरतात, प्यु व्हिसे. खणावं लागत नाही, अर्ध्या दिवसात काम होतं. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर डेक ठेवणारे आहेत, पण तो दरवर्षी थोडा वेगळ्या बाजूला झुकतो.

पायरी ५: झाडं निवडताना लेबलावरचा आकडा

नर्सरीत प्रत्येक रोपावर झोन लिहिलेला असतो, म्हणजे ते किती थंडी सोसतं त्याचा आकडा; आकडा जितका लहान तितकी जास्त थंडी. शहर साधारण ४बी ते ५ए मध्ये मोडतं. नर्सरीवाले ५ चं रोप आनंदानं विकतात आणि ते पाच हिवाळे तगेलही, सहाव्यात जाईल. मी ४ किंवा त्याखालचंच घेतो. बाहेर कुंडीत ठेवायचं असेल तर आणखी दोन झोन खाली उतरा, कारण कुंडीत मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते.

लायलॅक, पिओनी, होस्टा, डे-लिली, पॅनिकल हायड्रेंजिया, अमेलांशिए. ही यादी कंटाळवाणी वाटेल, शहरभर हेच दिसतं, पण ते इथे मरत नाही म्हणूनच दिसतं. गुलाबाचा हट्ट असेल तर कॅनडाच्या कृषी खात्यानं थंडीसाठी तयार केलेली एक्सप्लोरर मालिका घ्या. त्यात शाम्प्लँ नावाचा लाल गुलाब आहे. या गावात लावायला दुसरा कुठला घेणार?

कुंपणासाठी सगळे सेद्र लावतात, थुजा. दाट, हिरवं, स्वस्त. चार फुटी रोप लावून देण्याचे मला नगाला ३५ डॉलर पडले, आणि दर दोन फुटांवर एक लागतं. या झाडाची इथली गोष्ट जुनी आहे. १५३५-३६ च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिएची माणसं इथेच, स्तादाकोना या मूळ रहिवाशांच्या गावापाशी, स्कर्व्ही या रोगानं मरत होती, तेव्हा स्थानिक लोकांनी त्यांना एका झाडाच्या साल-पानांचा काढा करायला शिकवलं आणि उरलेले वाचले. ते झाड नेमकं कोणतं यावर वाद आहे, पण सेद्रचं नाव पुढे असतं. एवढं असूनही रस्त्यालगत मात्र ते लावू नका. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा फवारा बसला की एप्रिलमध्ये रस्त्याकडची बाजू तपकिरी होते आणि परत हिरवी होत नाही.

हिरवळीबद्दल थोडक्यात. गवताच्या गुंडाळ्यांना इथे तुर्ब म्हणतात. शब्दकोशात त्याचा अर्थ वेगळा निघेल, घाबरू नका. खाली चार-सहा इंच चांगली माती नसेल तर गुंडाळ्यांवर पैसे टाकू नका. उन्हाळ्यात पाणी घालायचे वार आणि वेळा पालिका ठरवते, ते बघून मगच नवं गवत अंथरा. तणनाशकाचा विचार डोक्यातून काढा: २००३ च्या कीडनाशक नियमावलीनं २,४-डीसारखी औषधं हिरवळीवर मारायला बंदी घातली आणि खासगी हिरवळींना ती २००६ पासून लागू आहे. डँडेलियनची पिवळी फुलं येऊ द्या. मे महिन्यात सगळ्यांकडेच असतात.

पायरी ६: ऑक्टोबरची कामं

बाग वाचते ती ऑक्टोबरात. हे आपल्याकडून आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण तेव्हा आपण दिवाळीच्या तयारीत असतो.

पहिलं काम, बर्फ कुठे पडणार ते ठरवा. जुन्या घरांना उतरती पत्र्याची छपरं असतात. जानेवारीत त्यावरून एकदम घसरणारा ढीग खालचं हायड्रेंजिया जमीनदोस्त करतो. छपराच्या कडेखाली काही लावायचंच असेल तर हिवाळ्यात जमिनीखाली झोपणारं लावा, होस्टा किंवा पिओनी. झुडूपच असेल तर त्यावर दोन फळ्यांचा तंबू उभा करा.

देनेजमाँ, म्हणजे बर्फ काढण्याचं कंत्राट घेतलं असेल तर ट्रॅक्टरवाला तुमच्या दारचा बर्फ तुमच्याच हिरवळीवर उडवणार. जमीन गोठण्याआधी कडेला नारिंगी काठ्या रोवा. नोव्हेंबर उलटला की त्या हातोड्यानंही आत जात नाहीत. माझ्या छोट्या जागेचं कंत्राट मोसमाला ४५० डॉलर आहे, आणि ते मी बागेच्याच हिशेबात धरतो.

कोवळ्या सेद्रला दोरीनं सैल बांधा आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. फळझाडाच्या बुंध्याला प्लॅस्टिकची सर्पिल पट्टी गुंडाळा, कारण म्युलो नावाचे रानउंदीर बर्फाखालून भुयार करून येतात आणि साल गोल कुरतडतात. वसंतात झाड उभं दिसतं, पण मेलेलं असतं. शेजारच्या आजींनी शिकवलेली युक्ती: प्रत्येक मोठ्या बर्फानंतर झाडाभोवती गोल फिरून बर्फ बुटांनी तुडवायचा. घट्ट बर्फातून उंदराला वाट मिळत नाही. मुलांना हे काम फार आवडतं.

बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून पाइप रिकामा करा. पायऱ्यांवर मिठाऐवजी बारीक खडी टाका. मीठ लादीचा वरचा पापुद्रा काढतं आणि कडेची रोपं जाळतं.

पायरी ७: एप्रिल-मेमध्ये हात आवरा

बर्फ गेल्यावर गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे करडे डाग दिसतील. ती बर्फाखालची बुरशी. जमीन सुकली की हलक्या हातानं दाताळं फिरवा, गवत आपोआप उठतं. ओल्या हिरवळीवर चालू नका. पाला-पाचोळा पालिका ठरलेल्या आठवड्यांत घेऊन जाते, जास्तीचा कचरा इकोसेंटरला, म्हणजे पालिकेच्या कचरा-संकलन केंद्रावर, न्यायचा.

मे महिन्याच्या पहिल्या उन्हात टोमॅटोची रोपं विकायला येतात आणि नवखा माणूस फसतो. ११ ते १३ मे या तीन दिवसांना इथले जुने लोक बर्फाचे संत म्हणतात. ते उलटल्याशिवाय नाजूक काही बाहेर नाही. आजी तर जूनच्या पौर्णिमेपर्यंत थांबतात. मी त्यांना हसायचो. मग एका वर्षी २३ मेच्या रात्री माझी बारा रोपं काळी पडली.

कढीपत्ता आणि तुळस कुंडीतच, जूनमध्ये बाहेर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत. मेथी मात्र इथे झकास येते. जूनचा दिवस सोळा तासांचा, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत जुडी हातात. कोथिंबीर त्याच लांब दिवसानं फुलावर जाते, म्हणून ती ऑगस्टमध्ये पेरा.

झेंडूचं गणित जरा अवघड. एप्रिलमध्ये घरात खिडकीशी बी लावायचं, जूनमध्ये बाहेर. फुलं ऑगस्टपासून भरभरून येतात, पण पहिलं दव सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोठतं आणि दसरा नेमका त्याच्या आगेमागे. रात्रीचं तापमान दोन अंशांखाली जाणार असं दिसलं की संध्याकाळीच जुनी चादर टाकायची, चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि सकाळी ऊन आल्यावर काढायची. गेल्या वर्षी पाच रात्री टाकली. दाराला एक तोरण झालं, आणि उरलेली चार फुलं आजींना दिली.